एकतीस पावलं

१

काकांचं नाक जाऊन बावीस वर्षं झाली होती. म्हणजे चेहऱ्यावर होतं जागच्या जागी, चांगलं धारदार होतं, पण कामाचं उरलं नव्हतं. सगळा जन्म लाकडाला पॉलिश करण्यात गेलेला माणूस. स्पिरिट, लाख, टर्पेंटाइन, आणि बंद खोलीत दहा-दहा तास. एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि काका शेजारच्या खोलीत खुशाल पेपर वाचत बसले होते. काकूंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, ते नाक काय शोभेला ठेवलंय?"

काकू शिवणकाम करायच्या. बारीक बघायचं काम त्यांचं, वास घ्यायचं कामही त्यांचंच. काकांकडे उरलं होतं उचलणं, ठोकणं आणि चहा. वीस वर्षं हा कारभार बिनतक्रार चालला.

मग काकूंचे डोळे गेले. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येणार नाही, आणि वर्षभरात होतं तेही गेलं. त्यानंतर एकदा मागच्या बागेत, वाट जिथे वळते तिथे, त्या पडल्या. लागलं फारसं नाही, पण त्या दिवसापासून राखाडी शाल गुंडाळून मागच्या दाराशी खुर्चीत बसल्या त्या बसल्याच. जी बाई आयुष्यात कधी टेकली नाही, ती मांडीवर हात ठेवून दिवसचे दिवस बसलेली. काकांना ते बघवेना.

"चल ना बागेत," ते म्हणायचे.

"नको. तिथे काळोख, इथेही काळोख. इथला निदान ओळखीचा आहे."

मागच्या दाराच्या तीन पायऱ्या उतरलं की विटांची वाट होती. काकूंच्या पावलांनी बरोबर एकतीस पावलं, आणि मग कुंपणाची भिंत. भिंतीपलीकडे एका गोदामाची पाठ, भिंतीला भिंत चिकटलेली. एक दिवस त्या वाटेकडे बघता बघता काकांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. डोळे गेले, पण नाक तर शाबूत आहे ना हिचं! पायरीशी एक वास, वळणावर दुसरा, नळापाशी तिसरा. वासांना धरून चालेल की ती. कुणाचा हात नको, काठी नको.

आता वासाची झाडं निवडायला निघाले कोण, तर काका.

२

नर्सरीवाल्या बाई अंगाने दणकट आणि बोलायला फटकळ होत्या. एप्रनच्या खिशात छाटणीची कात्री असायची, आणि बोलताना ती त्या खिशातच उघडमीट करायच्या. त्यांचा एक नियम होता.

"माझ्याकडे झाड डोळ्यांनी निवडायचं नाही. डोळे मिटा, वास घ्या, मग सांगा. फूल चार दिवस दिसतं, वास घरात राहायला येतो."

इथेच काकांनी खरं सांगून टाकायला हवं होतं. पण कसं सांगणार? वासाची झाडं घ्यायला आलोय आणि मला वास येत नाही, म्हणजे बाई पोट धरून हसल्या असत्या. काकांनी ताकास तूर लागू दिली नाही. डोळे मिटले, मोठ्याने श्वास ओढला आणि म्हणाले, "वा!"

"कुणासाठी हवीत?"

"बायकोला दिसत नाही. वासावरून चालायचंय तिला."

बाईंची कात्री थांबली. मग मात्र त्यांनी जीव लावून निवडायला घेतलं. "मग गुलाब बाद. चाचपडणाऱ्या हाताला काटे नकोत. रातराणी खिडकीशी नको, डोकं धरतं. दोन जोरकस वास शेजारी-शेजारी लावायचे नाहीत, एकमेकांत मिसळतात आणि माणूस गोंधळतो." पायरीशी मोगरा, कारण तो लांबून हाक मारतो. वळणावर अनंत. नळाजवळ कामिनी. कपडे वाळत घालायच्या दोरीखाली मरवा, कारण फुलं बारा महिने नसतात. मरव्याचं पान कधीही चुरा, वास आहेच. प्रत्येकाला काका "वा! सुरेख!" म्हणत गेले.

"आता शेवटचं, भिंतीशी लावायचं. ते तुम्ही निवडा." बाईंनी सहा कुंड्या ओळीने मांडल्या. "डोळे मिटा."

काकांनी एकेका कुंडीवर वाकून हुंगल्यासारखं केलं आणि ठेवून दिलं बोट एकीवर. डोळे उघडले तर बाई त्या कुंडीकडेच बघत होत्या.

"हे?"

गुडघ्याएवढं झुडूप, काळपट हिरवी पानं, तांदळाएवढ्या पांढऱ्या कळ्या.

"काका, याला वास नाही. कुणाच्या तरी कुंडीत आपसूक उगवलं होतं. टाकवेना म्हणून ठेवलं, आज चुकून ओळीत आलं. तुम्हाला वास आला?"

आता नाही म्हणावं तर आधीच्या चार 'वा!'चंही बिंग फुटणार. "आला की," काका म्हणाले. "चांगला आला."

"कसला?"

"आता... गोडसर."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं. "न्या मग," त्या म्हणाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण काकांना ते तेव्हा कुठे कळायला!

३

झाडं रुजली, मोगऱ्याला पहिला बहर आला, आणि एका संध्याकाळी काकांनी काकूंना जवळजवळ ओढूनच बाहेर काढलं. पहिल्या पायरीवर त्यांनी काकांचा कोपर असा काही धरला, की बोटं रुतली.

"सोडणार नाही ना?"

"अगं, मी कुठे जातोय?"

"मोगरा," काकू म्हणाल्या आणि त्यांचा श्वास मोकळा झाला. बारा पावलांवर थांबल्या. "हा अनंत. म्हणजे वळण आलं." नळाशी कामिनी त्यांनी नावानिशी ओळखली, मरव्याचं पान चुरून बोटं काकांच्या नाकाशी नेली आणि स्वतःच हसल्या. "तुम्हाला काय त्याचं!" दोन वर्षांनी हसल्या होत्या. काकांना रडूच यायला लागलं. आता भिंतीशी आपली चोरी पकडली जाणार, हेही ते विसरले.

एकतिसाव्या पावलाला काकू उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ. मग हळूच खाली बसल्या आणि त्या झुडपाच्या पानांवरून हात फिरवू लागल्या.

"अहो, हे कुठलं?"

"नाव नाही त्याला. का? वास नाही ना?"

"आईच्या हाताचा आहे." त्यांनी पानांवरचा हात उचलला नाही. "मी लहानपणी तापाने फणफणले होते ना, तेव्हा ती कपाळावर हात ठेवून बसायची. ओलं फडकं, औषध आणि तिचा हात. साठ वर्षांत पुन्हा कुठे आला नव्हता हो हा वास."

काकांचा जीव भांड्यात पडला. होतं असं, त्यांना वाटलं. माणसाचं मन काहीही हुंगतं.

त्यानंतर काकू एकट्या जाऊ लागल्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. "मागे मागे यायचं नाही, पहारा नकोय मला," असा हुकूम होता. काका स्वयंपाकघरात चहा करत आणि कान टवकारून विटांवरच्या त्यांच्या चपलांचा आवाज मोजत. एकतीस. भिंतीवर हाताची एक थाप. थोडी शांतता. मग परत एकतीस, आणि पायरी. तोपर्यंत चहा गाळून तयार. संसारात इतकं सुख बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

४

बहर ओसरला. मोगरा नुसत्या पानांवर आला, अनंताची शेवटची फुलं पिवळी पडून गळाली, कामिनीही थांबली. काकांना धास्ती वाटली, की आता ही अडणार. पण काकूंचं पाऊल जरासुद्धा अडखळलं नाही. उलट म्हणाल्या, "आज वास जास्त आहे." काका भिंतीशी जाऊन बघून आले. त्या झुडपाच्या कळ्या, ते आणलं त्या दिवशी होत्या तेवढ्याच होत्या. एक उमलली नव्हती, एक गळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चहा उकळत उभे होते. एकोणतीस, तीस, एकतीस.

बत्तीस. तेहतीस.

काकांनी गॅस बारीक केला. पावलं छोटी टाकत असेल, ते मनाशी म्हणाले. वय झालंय. हाताची थाप काही ऐकू आली नाही. परत येताना मात्र पावलं तेहतीसच होती, ना एक कमी, ना एक जास्त.

त्याच्या पुढच्या दिवशी अडतीस झाली. मग सेहेचाळीस.

आता माणूस काय करतो? काकांनी काकू झोपलेल्या असताना दुपारी टेप घेऊन वाट मोजली. वाट होती तेवढीच होती. भिंत होती तिथेच होती. शेवाळलेली, गार, ठोकली तर भरीव. झुडूप आणि भिंत यांच्यात वीतभरही जागा नव्हती. गोदामावर आवाज आपटून परत येत असेल, त्यांनी ठरवलं. दुप्पट ऐकू येत असेल. पण मग एकतिसाचे दुप्पट सेहेचाळीस कसे होतील, हा हिशेब जमेना, तेव्हा त्यांनी तो सोडून दिला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाट फक्त वळणापर्यंत दिसायची. पुढचं सगळं अनंताच्या झुडपाआड होतं.

त्या संध्याकाळी काकूंच्या चपला त्यांनी हातात घेतल्या. त्यांच्या बागेतली माती तांबडी. चपलांच्या तळाला लागली होती काळी, ओली, कुजक्या पानांची माती. काकांच्या मनात पाल चुकचुकली. त्यांनी चपला नळाखाली धरल्या आणि काकूंना कळू न देता घासून घासून धुतल्या.

५

शेवटी न राहवून त्यांनी विचारलंच. "भिंतीशी गेल्यावर काय करतेस गं?"

"भिंत?" काकू बशीत चहा ओतत होत्या. "हल्ली भिंत लागतच नाही मला."

काकांनी कप खाली ठेवला.

"रागावणार नसाल तर सांगू? तिकडे मला दिसतं."

"काय दिसतं?"

"फार नाही हो. पहाटे दिसतं ना, तेवढं. पानं दिसतात. पानांच्या कडा. काल माझे हात दिसले." त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, जणू इथेही दिसत होते. "म्हातारे झालेत. बघितले आणि इतकं बरं वाटलं!"

बायकोला दिसतंय म्हटल्यावर नवऱ्याने उड्या मारायला हव्यात. काकांना मात्र चपलांची काळी माती आठवली. त्यांनी काकूंचा हात हातात घेतला, तर तो ओला आणि गार होता.

"परत येतेस ना पण?"

"आले की नाही आज? तुमचा चहा सोडून जाईन कुठे?"

"उद्या?"

काकूंनी बशी ओठाला लावली, खाली ठेवली. "वास पुढे पुढे जातो हो," त्या हळूच म्हणाल्या. "जरा पुढे गेलं की अजून स्पष्ट दिसतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी सत्त्याहत्तर पावलं मोजली. शेवटची वीस तर ऐकू आली असं म्हणणंही धाडसाचं होतं. चहा दोनदा गरम करावा लागला.

६

"बाई, मी खोटं बोललो. मला वास येत नाही. बावीस वर्षं येत नाही."

नर्सरीवाल्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातातली कुंडी खाली ठेवली. काका बोलत गेले आणि त्या ऐकत राहिल्या. चपलांच्या मातीपाशी आल्यावर त्यांनी कात्री खिशातून काढून बाजूला ठेवली.

"म्हणजे त्याला तुम्ही निवडलंच नाहीत."

"नाही. बोट गेलं तिकडे."

"घेऊन या. बदलून देते," बाई म्हणाल्या. एखादी फाटकी पिशवी बदलून द्यावी तसं त्यांना म्हणायचं होतं, पण जमलं नाही. "मुळासकट काढा. आणि काका, काकू घरात असताना काढा. तेवढं मात्र बघा."

का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि काकांनी विचारलंही नाही.

घरी येऊन बघतात तर मागचं दार उघडं, खुर्ची रिकामी. अजून ऊन होतं, काकूंची वेळही झाली नव्हती. काका कोपऱ्यातली कुदळ उचलून धावत सुटले. मोगरा, अनंत, नळ, दोरी. वाटेवर कुणी नाही. भिंतीशी ते झुडूप तेवढं उभं. त्यांनी भिंतीला कान लावला. आत, खूप आत, चपला वाजत होत्या. सावकाश, काही घाई नसल्यासारख्या.

कुदळ उचललेली तशीच राहिली. आता घाव घातला तर ती येणार कशी? भिंतीकडे तोंड करून काका नुसते उभे राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. घाम फुटला होता, तरी उजव्या कोपराला गार लागत होतं. वारा असेल म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही.

पावलं जवळ आली. कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला, तो पुसायला काकांनी बाहीने डोळे झाकले, आणि हात खाली केला तर काकू समोर होत्या. चेहरा पार उजळलेला.

"पाहिलं! तुम्हाला पाहिलं मी!"

"मला?"

"तिकडून वळले आणि समोर तुम्ही. माझ्याकडेच बघत होतात." त्यांनी दोन्ही हातांनी काकांचा चेहरा धरला. "दोन वर्षांनी पाहिलं हो. किती वाळलात! आणि दाढी डाव्या गालावर राहते तुमची, कुणी सांगत नाही वाटतं?"

काकांच्या हातातून कुदळ पडली. म्हातारा-म्हातारी एकमेकांना धरून भरदुपारी ढसाढसा रडली.

मग डोळे पुसत काकूंनी विचारलं, "पण ती कोण होती?"

"कोण?"

"तुमचा कोपर धरून उभी होती ती. डोळे मिटलेले. राखाडी शाल होती अंगावर. इतकं घट्ट धरलं होतं तुम्हाला, की मला बिचारीची दया आली."

काकूंच्या अंगावर राखाडी शाल होती. काकांनी पडलेली कुदळ उचलली. घरी येऊन त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. कोपराच्या वर चार बोटांचे वळ होते, लाल आणि ताजे.

७

ते वळ काकांनी ओळखले, हेच तर खरं दुखणं होतं. बागेतल्या पहिल्या दिवशी असेच उठले होते. तीच बोटं, तेवढीच अंतरं. मग रोज चालत जाते ती कोण? आणि धरून उभी राहते ती कोण? वळणावर पडली आणि नंतर उठायलाच तयार नव्हती, ती कुठे गेली होती? आपण समजत होतो ती बरी झाली. तिला वळणावरच मागे टाकून ही बागेत चालू लागली होती. सारासार विचार करणाऱ्या माणसाने असलं काही मनात आणू नये, असं काकांनी स्वतःला बजावलं. पण हातावरचे वळ काही बजावून जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते म्हणाले, "उपटू का गं ते झाड?"

काकूंनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं. मग चपला काढून बाजूला ठेवल्या, खुर्चीत जाऊन बसल्या आणि मांडीवर हात ठेवले. "उपटा. तुमचा जीव टांगणीला लागतो ते कळतं मला. मी बसेन इथे."

पहिल्यासारख्याच बसल्या होत्या. काका दोन मिनिटं बघत राहिले. मग खाली बसले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने काकूंच्या पायांत चपला घातल्या.

"ऊठ. जाऊन ये. मी भिंतीशी उभा राहतो, म्हणजे येताना दिसेन तुला."

"भीती नाही ना वाटत?"

"वाटते की. ती काय आता या वयात जायची आहे?"

दोघं निघाली. अनंत, कामिनी, मरवा, सगळी नुसती पानं. भिंतीशी आल्यावर काकूंनी काकांचा हात सोडला. काकांनी ठरवलं होतं की डोळे उघडे ठेवायचे, काही झालं तरी. पण माणसाची पापणी लवतेच. पुन्हा बघितलं तेव्हा, जिथे हात घालायला जागा नव्हती त्या पानांच्या आणि भिंतीच्या मधे, राखाडी लोकरीचा एक काठ आत सरकत होता. मग तोही नव्हता. पलीकडे चपला वाजू लागल्या. बत्तीस. तेहतीस.

आणि त्यांचा उजवा कोपर कुणीतरी धरला.

काकांनी मान वळवली नाही. नजर भिंतीवरच ठेवली. शेजारून श्वास येत होता. घाबरलेल्या माणसाचा, तुटक-तुटक. त्या श्वासाची त्यांना कीव आली आणि भीती थोडी मागे हटली. चाळीस वर्षं शेजारी झोपून ऐकलेला श्वास होता तो.

"भिऊ नकोस," ते समोर बघतच म्हणाले. "तुला सोडून नाही जात ती. आणि मीही नाही."

बोटं आणखी रुतली. सत्तर, एकाहत्तर. पावलं विरत चालली. शंभरापर्यंत काकांनी मोजली, आणि मग मोजण्यासारखं काही उरलं नाही. भिंत गप्प, झाड गप्प. शेजारचा श्वास तेवढा चालू. ही आहे ना, मग ही तरी आपली, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि त्याची त्यांना लाज वाटली. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि गोदामावर आवाज आपटेल अशी हाक मारली.

"अगं ए! चहाची वेळ झाली! घरी चला!"

उत्तर आलं नाही. काका वळले आणि घराकडे चालू लागले. कोपर धरलेलाच होता, म्हणून त्यांनी पाऊल आखूड टाकलं. दोरीपाशी थांबले, नळापाशी थांबले, वळणावर म्हणाले, "इथे जपून." अर्ध्या वाटेवर मागे, खूप मागे, विटेवर चप्पल वाजल्यासारखं झालं. त्यांनी वळून पाहिलं नाही.

तीन पायऱ्या चढून त्यांनी दार उघडलं आणि बाजूला झाले. कोपरावरची बोटं सैल झाली. गार असं काहीतरी त्यांना घासून आत गेलं आणि खुर्ची करकरली. मग आतून अगदी रोजच्या आवाजात हाक आली.

"अहो, लावा ना दार. डास येतायत."

बाहेर उजेड कमी होत चालला होता. वळणावर अनंताची पानं हलली, आणि तिथून पुढे एक-एक पाऊल सावकाश पायरीकडे येऊ लागलं.

"थांब जरा," काका दार धरून म्हणाले. "अजून तू यायची आहेस."